डुक्कर, इन्सुलिन आणि शुद्धतेचा प्रश्न

मी एका महाविद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मीच. आम्ही वडार. आप्पा दगड फोडीत, जाती-पाटे घडवीत. आजी डुकरे पाळी. घरात आम्ही डुकराला 'पंदी' म्हणत असू. शाळेत मात्र त्या जनावराचे नाव घेण्याचीही चोरी होती, कारण ते घेतले की वर्गातली सगळी तोंडे माझ्याकडे वळत. गावाने डुकराला आणि आम्हाला एकच जागा नेमून दिली होती : उकिरड्याच्या पलीकडची.

शालेय इतिहासाच्या पुस्तकात डुक्कर मला एकदाच भेटले; १८५७ च्या काडतुसांत. नव्या काडतुसांना गाईची नि डुकराची चरबी लावली आहे, ही बातमी फुटली आणि शिपाई बिथरले. चरबी ओठांना लागण्याच्या कल्पनेने साम्राज्य हादरले. पुढे मी रसायनशास्त्र शिकलो तेव्हा समजले की विसाव्या शतकात याच जनावराचा अंश सुईच्या टोकाने जगभरातल्या माणसांच्या रक्तात गेला, आपल्या देशातल्या भल्याभल्यांच्याही रक्तात गेला आणि त्यावर तसा गदारोळ कोठे उठला नाही. ओठाला विटाळ होतो आणि रक्ताला होत नाही, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर 'शुद्ध' या एका शब्दाचा इतिहास पाहावा लागतो.

प्रयोगशाळेत हा शब्द मी रोज उच्चारतो. पदार्थ विरघळवा, गाळा, स्फटिक पाडा, वाळवा, मग त्याचा द्रवणांक पाहा. शुद्ध पदार्थ ठरलेल्या तापमानाला एकदम वितळतो. भेसळ असेल तर आधीच वितळू लागतो आणि रेंगाळत वितळतो. एवढीच परीक्षा. हा पदार्थ कोणाच्या घरातून आला, कोणी हाताळला, याची चौकशी तेथे होत नाही. आज तो काय आहे, एवढेच पाहिले जाते.

सेंद्रिय रसायनशास्त्राचा पायाच या विचारावर घातला गेला आहे. १८२८ साली जर्मन रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक व्होलर याने प्रयोगशाळेतल्या निर्जीव क्षारापासून युरिया तयार केला. युरिया हा मूत्रातला पदार्थ. सजीवांच्या शरीरातले पदार्थ कसल्यातरी प्राणशक्तीवाचून तयार होत नाहीत, असा तोवर समज होता. व्होलरचा युरिया आणि मूत्रातून काढलेला युरिया यांत तिळमात्र फरक निघाला नाही. पदार्थाचे कूळ पाहून त्याचा गुण ठरत नाही, असा याचा अर्थ. आपल्याकडे तर मूत्रालाही वर्ण आहे! एका जनावराचे मूत्र तीर्थ म्हणून ओंजळीत घेतले जाते आणि दुसऱ्या जनावराचे पाय अंगणाला लागले तर अंगण सारवून काढले जाते. व्होलरची परीक्षानळी या दोहोंत भेद करीत नाही. मी रसायनशास्त्राकडे ओढला गेलो तो कदाचित याचमुळे.

आता इन्सुलिनकडे वळू.

१८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला मधुमेह झाला. म्हणजे साखर आवरणारे काहीतरी या पिंडात आहे. पण ते बाहेर काढायचे कसे? स्वादुपिंडात पाचकरसही असतो आणि पिंड कुस्करले की तो पाचकरस त्या हव्या असलेल्या पदार्थालाच खाऊन टाकतो, अशी अडचण होती. तीस वर्षे अनेकांनी हात पोळून घेतले.

१९२१ साली कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. बँटिंग हा ऑन्टॅरिओतल्या शेतकऱ्याचा मुलगा. कत्तलखान्यात धाडण्यापूर्वी गाई गाभण करण्याची शेतकऱ्यांची रीत असते, हे त्याला लहानपणापासून माहीत होते. गर्भातल्या वासराच्या स्वादुपिंडात पाचकरस जवळजवळ नसणार, हे त्याच्या ध्यानात आले. तो उठला आणि विल्यम डेव्हिस कंपनीच्या कत्तलखान्यात गेला. ही कंपनी मुळात डुकराच्या मांसाची. तिच्यामुळेच टोरांटोला 'हॉगटाऊन', म्हणजे डुकरांचे शहर, हे टोपणनाव पडले असे सांगतात. तेथून आणलेल्या वासरांच्या गर्भातल्या पिंडांचा अर्क लागू पडला.

येथे मला आजी आठवते. डुक्कर कापले की ती पित्ताची पिशवी न फोडता अलगद काढी. मग जठराच्या मागे असलेला फिकट, लांबट गोळा कापून बाजूला टाकी. "ह्ये लागू दिऊ नगं, मटान इटतंय," असे ती आम्हा पोरांना बजावी. तो गोळा म्हणजे स्वादुपिंड. ज्या पाचकरसाने तीस वर्षे शास्त्रज्ञांना चकवले, त्याची करामत आजीला मांसावर दिसत होती. तिने इन्सुलिन शोधले असते असा बाष्कळ दावा मला करायचा नाही. माझा मुद्दा निराळा आहे. कॅनडात गोठ्यातली माहिती घेऊन शेतकऱ्याचा मुलगा प्रयोगशाळेच्या दारातून आत गेला आणि त्या माहितीचे शास्त्र झाले. आपल्या समाजव्यवस्थेत ज्याचा हात जनावराच्या शरीरात गेला त्याला पाटी-पुस्तक मिळाले नाही आणि ज्याला पुस्तक मिळाले त्याने आपला हात जनावराला लागू दिला नाही. हात आणि अक्षर यांची अशी ताटातूट हजारो वर्षे चालू राहिली. मग शास्त्र जन्मणार कोठून?

११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. ते फसले, अर्क अशुद्ध होता, टोचल्या जागी गळू झाले. मग जेम्स कॉलिप या जीवरसायनतज्ज्ञाने अल्कोहोलचे प्रमाण पायरीपायरीने वाढवीत नेले. नको ती प्रथिने एका पातळीला खाली बसत, इन्सुलिन त्याहून वरच्या पातळीला. तो साका घेऊन २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिले आणि मरणाच्या दारातला मुलगा उठून बसला. शुद्धीकरण म्हणतात ते हे! त्यात मंत्र नव्हता, पंचगव्य नव्हते. जानेवारी १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपले पेटंट प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाला देऊन टाकले.

एका मुलाचे भागले. पण लाखो रुग्णांसाठी पिंडे आणायची कोठून? येथे डुक्कर इतिहासाच्या मध्यभागी येते. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या लिली कंपनीने बैलांची नि डुकरांची स्वादुपिंडे गोळा करून १९२२ पासून उत्पादन उभे केले. सुमारे ८ औंस शुद्ध इन्सुलिनसाठी जवळजवळ २ टन पिंडे लागत, असा हिशेब दिला जातो. जनावर पडताच पिंड चटकन काढून गार करावे लागे, नाहीतर पाचकरस आपले काम करून मोकळा होई. म्हणजे औषधाचा पहिला कारागीर होता सुरी चालवणारा मजूर. अमेरिकेच्या कत्तलखान्यांत हे मजूर कोण होते? पूर्व युरोपातून आलेले स्थलांतरित आणि पहिल्या महायुद्धाच्या काळापासून दक्षिणेतून उत्तरेला आलेले कृष्णवर्णीय. शिकागोच्या कत्तलखान्यातले त्यांच्यासारख्यांचे जिणे अप्टन सिंक्लेअर यांनी १९०६ साली 'द जंगल' या कादंबरीत जगापुढे मांडले. पण इन्सुलिनच्या इतिहासात त्या हातांचे नाव मला कोठे सापडले नाही. विस्मृती ही केवळ आपल्याच समाजाची मक्तेदारी नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

डेन्मार्कची कथा मात्र वेगळी आहे आणि आपल्या कार्यकर्त्यांनी ती मुद्दाम वाचावी. १८७० नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य युरोपात आले आणि डॅनिश शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. त्याने धान्य विकण्याऐवजी जनावरांना घातले. दुग्धालयातून परत मिळालेले साय काढलेले दूध डुकरांना पाजले आणि १८८७ साली हॉर्सन्स येथे पहिला सहकारी बेकन कारखाना काढला. डुक्कर पाळणाराच कत्तलखान्याचा मालक झाला. पुढे १९२२ साली ऑगस्ट क्रोग हे नोबेल मिळवलेले डॅनिश शास्त्रज्ञ टोरांटोला गेले. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर होत्या आणि मधुमेहाने आजारी होत्या. क्रोग इन्सुलिनची कृती आणि बनवण्याची परवानगी घेऊन परतले. डॉ. हागेडोर्न यांच्याबरोबर त्यांनी काम सुरू केले आणि १९२३ साली 'नॉर्डिस्क' ही संस्था उभी राहिली. कच्चा माल देशात मुबलक होता : डॅनिश डुकरे. तेवढ्याशा देशाने इन्सुलिनच्या जागतिक बाजारात जे स्थान मिळवले, त्याच्या मुळाशी डुकराचा गोठा, सहकार आणि प्रयोगशाळा ही तीन टोके जोडली गेली, हे आहे.

महाराष्ट्र ही सहकाराची भूमी म्हणून मिरवतो. सहकार उसाला मिळाला, दुधाला मिळाला. आमच्या वस्तीच्या डुकराला मिळाला तो नगरपालिकेचा पिंजरा. डुकरे पकडून नेली त्या दिवशी आजी चुलीपुढे बसून राहिली होती. तिच्या लेखी ती आमची बँक होती. आप्पा आजारी पडले की एक डुक्कर विकले जाई.

इन्सुलिन हाती आले तरी ते नेमके आहे काय, हे कळायला आणखी तीस वर्षे लागली. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी बैलाच्या इन्सुलिनचे तुकडे करकरून १९५५ पर्यंत त्याची अखंड रचना उलगडली; एक साखळी २१ अमिनो आम्लांची, दुसरी ३० ची, मिळून ५१ दुवे. प्रथिनाची रचना मानवजातीने प्रथमच अशी दुव्यादुव्याने वाचली. त्यासाठी त्यांना १९५८ चे नोबेल मिळाले. डुकराच्या इन्सुलिनची रचनाही त्याच सुमारास कळली आणि १९६० साली माणसाच्या इन्सुलिनची. मग तिन्ही शेजारी मांडून पाहण्यात आली. बैलाचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा तीन ठिकाणी वेगळे निघाले; डुकराचे फक्त एका ठिकाणी. ५१ पैकी ५० दुवे जसेच्या तसे! फरक तेवढा मोठ्या साखळीच्या अगदी शेवटच्या दुव्यात : माणसात थ्रिओनीन, डुकरात अॅलनीन.

हे मी एम.एस्सी.च्या वर्गात प्रथम ऐकले तेव्हा माझ्या हातातले पेन थांबले. शिकवणारे प्राध्यापक हे वाक्य बोलून पुढच्या मुद्द्याकडे गेले. त्यांना त्यात थांबण्यासारखे काही वाटले नाही. त्याच प्रयोगशाळेत एकदा माझ्या हातून चंचुपात्र फुटले तेव्हा, "दगड फोडणारे हात, काच कशी टिकणार?" असे एक गृहस्थ हसत म्हणाले होते. सगळे हसले होते. मीही हसलो होतो. त्या दिवशी मात्र मी वहीत दोन्ही साखळ्या पुन्हा पुन्हा लिहून काढल्या. ज्या जनावराच्या नावाने माणसाला माणसातून उठवले जाते, ते जनावर या बाबतीत सगळ्या माणसांपासून एका दुव्याच्या अंतरावर आहे. आणि माणसामाणसांत? वर्णाश्रमाने ज्यांच्यात चार-चार पायऱ्या रचल्या, त्यांच्या इन्सुलिनमध्ये एका दुव्याचेही अंतर नाही.

ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांनी १९३५ साली इन्सुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण छायाचित्र घेतले होते. त्याची त्रिमितीय रचना हाती यायला १९६९ साल उजाडले. ज्या स्फटिकांवर हे काम पुरे झाले ते डुकराच्या इन्सुलिनचे होते. त्या चमूत एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञही होते.

या कथेत बाबासाहेबही आहेत. १९४७-४८ साली संविधानाचा मसुदा तयार होत होता तेव्हा त्यांची प्रकृती पार खालावली होती. झोप नव्हती, पायांत असह्य वेदना होत्या आणि ते इन्सुलिन घेत होते. त्या काळी दवाखान्यात मिळणारे इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढलेले असे. त्याच १९४८ साली त्यांचा अस्पृश्यतेच्या उगमावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पराभूत, विखुरलेल्या बौद्ध माणसांनी गोमांस सोडले नाही म्हणून त्यांना अस्पृश्य ठरवले गेले, असा सिद्धान्त त्यांनी त्यात मांडला. जनावराच्या मांसावरून माणसाला बहिष्कृत करणारी व्यवस्था एकीकडे आणि जनावराच्या पिंडातून माणसाला जगवणारे विज्ञान दुसरीकडे. एकाचा पंचनामा त्यांची लेखणी करीत होती आणि दुसऱ्याच्या आधाराने ती लेखणी धरणारा देह उभा होता.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडण्यास सांगितले. मग तुम्ही पुन्हा आम्हाला डुकरांकडे आणि मढ्यांकडे नेता काय? माझे उत्तर स्पष्ट आहे : नाही. महाडचे ते आवाहन आमच्या वस्तीपर्यंत दोन पिढ्या उशिरा पोहोचले. पण पोहोचले तेव्हा आप्पांनी ते मानले आणि मला उकिरड्यावरून उचलून शाळेत घातले. जन्माने लादलेले काम सोडलेच पाहिजे. त्यात कसली थोरवी नाही आणि आजीच्या हातांवरच्या जखमांचे मला काव्य करायचे नाही. पण काम सोडताना त्या कामातली जाण आपण लाजेपोटी गाडून टाकली, हेही खरे आहे. आजीला जनावराच्या शरीराबद्दल जे कळत होते ते मी कधी विचारून घेतले नाही. मला त्याची शरम वाटत असे. आज ती नाही. शरमेने माझे जे नुकसान केले ते भरून येणारे नाही.

इन्सुलिनमधून डुक्कर आता जवळजवळ गेले आहे. १९८२ साली डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने डुकराच्या इन्सुलिनचा तो शेवटचा दुवा बदलून मानवी इन्सुलिन बाजारात आणले. त्याच वर्षी अमेरिकेत जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली. आज जगातले बहुतेक इन्सुलिन जिवाणू आणि यीस्ट तयार करतात. परंतु हेपॅरिन अजून डुकराचेच आहे. रक्त गोठू न देणारे हे औषध १९१६ साली बाल्टिमोरला कुत्र्याच्या यकृतावर काम करताना सापडले. १९३० नंतर त्याच टोरांटोत ते माणसाला देण्याइतके शुद्ध झाले. आज ते बहुतांशी डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. करोनाच्या २०२०-२१ च्या लाटांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून आपल्या रुग्णालयांनी हीच इंजेक्शने दिली. २००८ साली चीनमधून आलेल्या हेपॅरिनमध्ये भेसळ सापडली आणि अमेरिकेत रुग्ण दगावले. त्याआधी रोगाने चीनमधली डुकरे मोठ्या संख्येने मेली होती आणि कच्च्या मालाचे भाव चढले होते. डुकराचा गोठा आणि रुग्णाची खाट यांच्यात किती थोडे अंतर आहे, हे तेव्हा जगाला कळले.

मला ते त्याआधी कळायला हवे होते. कळले ते आप्पांच्या खाटेशेजारी. त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले होते. आठवड्यातून दोनदा मी त्यांना डायलिसिसला नेत असे. शेजारच्या खाटेवर आमच्याच गावचे एक मातब्बर गृहस्थ असत. आप्पा त्यांना अण्णासाहेब म्हणत; ते आप्पांहून लहान असून त्यांना 'अरे' म्हणत. वस्ती ओढ्यापलीकडे हलवावी, डुकरांची घाण होते, असा ठराव गावात त्यांनीच पुढे आणला होता. दोन नळ्यांतून दोघांचे रक्त बाहेर येई, गाळले जाई, परत जाई. ते यंत्रात गोठू नये म्हणून परिचारिका दोघांनाही हेपॅरिन देई. मी कुपीबरोबरचा कागद वाचला. बारीक अक्षरात डुकराच्या आतड्याचा उल्लेख होता.

"मास्तर, एवढं काय वाचता?" अण्णासाहेबांनी विचारले.

"औषध कशापासून करतात ते," मी म्हणालो.

"कशापासून?"

मी आप्पांकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली, नको. मी गप्प राहिलो.

त्या गप्प राहण्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आजारी माणसाला खाटेवर खिजवणे हे आप्पांच्या माणुसकीत बसत नव्हते आणि ते बरोबरच होते. रुग्णाने विचारले तर त्याला खरे सांगितले पाहिजे, हेही बरोबर आहे. मी सूड म्हणूनच सांगणार होतो. म्हणून न सांगितले तेच बरे झाले. पण त्या क्षणी मला सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आपल्या व्यवस्थेला डुकराचा विटाळ होत नाहीच. ते कुपीत आले, त्यावर छापील कागद चिकटला, की ते शुद्ध होते. विटाळ होतो तो पाळणाऱ्याचा. आतडे शुद्ध होऊ शकते, पिंड शुद्ध होऊ शकते. ते धुणारा माणूस तेवढा जन्मभर अशुद्ध. व्यवस्थेला वस्तू हवी आहे, माणूस नको आहे.

म्हणून हे खाटेशेजारी न सांगता वर्गात सांगितले पाहिजे, असे मला वाटते. जे मित्र विज्ञान शिकवतात त्यांनी सँगरची साखळी शिकवताना ती कोठून आली, कोणाच्या सुरीने आली, हेही सांगावे. जे कार्यकर्ते वस्त्यांत काम करतात त्यांनी डुक्कर पाळणाऱ्यांसाठी पशुवैद्य, लस, गोठा आणि सहकारी संस्था मागावी. आणि त्याबरोबर त्यांच्या मुलांसाठी प्रयोगशाळेचे दारही मागावे. एकाशिवाय दुसरे अपुरे आहे. आणि विद्यार्थ्यांनी घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून घ्यावे, लिहून ठेवावे. लाजू नये.

गेल्या सत्रात माझ्या वर्गात आमच्याच वस्तीसारख्या वस्तीतून आलेली एक मुलगी होती. बेंझॉइक आम्ल शुद्ध करण्याचे प्रात्यक्षिक होते. तिचे स्फटिक १२२ अंशांना वितळले, जसे वितळायला हवेत तसे. मी तिच्या वहीवर सही केली. मग तिला विचारले, "घरी काय करतात?" ती क्षणभर थांबली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, डुकरं पाळतात." या वेळी कोणी हसले नाही.